लाल घ्यावं की हिरवं?

रविवारी सकाळी पोहे-जिलबी आणायचं काम आमच्याकडे भाच्याचं. गेल्या दिवाळीआधीच्या एका रविवारी पुडा ओट्यावर ठेवता ठेवताच त्यानं विचारलं, "मामा, लाल घेऊ की हिरवं?" मला वाटलं, कुर्त्याचं चाललंय. ताई आतून ओरडली, "त्याला ते कार्ड हवंय कॉम्प्युटरचं. बारावीला चाळीस हजार कबूल केलेत मी, आता तुम्हीच बघा दोघं."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे खेळाची चित्रं रंगवून पडद्याकडे पाठवणारा कॉम्प्युटरचा भाग. त्यांच्या जगात हिरवं म्हणजे एनव्हिडिया ही कंपनी आणि लाल म्हणजे एएमडी. रंगावरून पोरं इतकी भांडतात की पूर्वी इंदूरच्या आमच्या रामबागेत गावसकर की विश्वनाथ यावरूनही तेवढी भांडणं झाली नसतील. गंमत अशी की एएमडीचा स्वतःचा रंगही एकेकाळी हिरवाच होता. २००६ साली तिनं कॅनडातली एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली, आणि एटीआय माहेरून लाल रंग घेऊन आली. आता २०२२ पासून तिसरा, निळा रंगही आहे. तो इंटेलचा.

मी त्याला उलट विचारलं, "मॉनिटर कोणता आहे तुझा?"

"तोच. लॉकडाउनमध्ये शाळेसाठी घेतलेला."

रंगाआधी हे विचारायचं कारण कार्डाच्या कामात आहे. पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. भाच्याचा मॉनिटर १०८०पी, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण २० लाख ७३ हजार. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात गाडीच्या बॉनेटवर ऊन कुठून पडतं, सावली कुठे जाते, धूर किती दाट, हे सगळं ठरवून वीस लाखांवर ठिपके रंगवून मोकळं व्हायचं, आणि लगेच पुढच्या चित्राला लागायचं. हेच १४४०पी मॉनिटरवर ३६ लाख ८६ हजार ठिपके होतात आणि ४के वर ८२ लाख ९४ हजार, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. घरी टेबलावर १०८०पीचा पडदा असताना ४के साठी बनवलेलं कार्ड घेणं म्हणजे चार माणसांच्या घरात पंगतीची कढई आणणं. त्याचा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रं दाखवतो. कार्डानं १६० बनवली तरी जास्तीची अर्धी पडद्यावर दिसणारच नाहीत. चुरशीच्या सामन्यात माऊस थोडा चपळ वाटेल, इतकंच.

शिवाय सगळा भार कार्डावर नसतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांत बहुतेक वेळा प्रोसेसरच आधी दमतो. हा मुलगा दिवसातले दोन तास व्हॅलोरंट खेळतो, आणि त्याच्या डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटात, इंटेलचा २०२० चा आय५ १०४०० प्रोसेसर आहे. फक्त तेवढ्यासाठी चाळीस हजार खर्च करायचे असतील तर मी ताईला नको म्हणालो असतो. पण त्याला सायबरपंक २०७७ खेळायचा होता आणि मित्राकडे पाहिलेल्या दोन-तीन मोठ्या गोष्टींच्या खेळांवर डोळा होता. मग कार्ड लागतंच.

दुपारी आम्ही आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. तिथल्या दुकानांच्या काचेत कार्डांची खोकी रचलेली असतात आणि प्रत्येक खोक्यावर निदान दोन नावं असतात. नवख्या माणसाची पहिली फसगत इथे होते. एनव्हिडिया आणि एएमडी मुख्यतः चिप बनवतात, म्हणजे आखतात. आजच्या पिढीत दोघींच्याही चिपा प्रत्यक्षात तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात घडतात. त्या चिपेभोवती पंखे, तांब्याच्या नळ्या, वीजपुरवठा आणि प्लॅस्टिकचं कवच बसवून खोकं विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या. असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर वगैरे. यातल्या काही फक्त एका रंगाची कार्डं बनवतात, काही दोन्ही. भांडणं होतात चिपेवरून, पण वॉरंटीसाठी ज्याच्या दारात जायचं तो हा दुसरा. एकाच चिपेच्या दोन खोक्यांमध्ये खेळताना सहसा दोन-चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडत नाही, किंमतीत मात्र सहज पाच-सात हजारांचा पडतो, आणि तो बरेचदा रंगीत दिव्यांचा असतो.

माझं स्वतःचं एक जुनं कार्ड वॉरंटीत असताना गेलं होतं. नाव घेत नाही. गावात ते घेणारं कुणी नव्हतं, कुरिअरनं बाहेर पाठवावं लागलं आणि परत यायला नऊ आठवडे लागले. तेव्हापासून मी दुकानात पहिला प्रश्न हाच विचारतो की बिघडलं तर इंदुरात कोण घेतं. उत्तर देताना दुकानदार शेजारच्या पोऱ्याकडे बघायला लागला की मी पुढच्या दुकानात जातो.

भाच्याला पहिल्याच दुकानात एक हिरवं कार्ड दाखवलं गेलं. "भिया, आठ जीबी बहुत है. इंदौर में सब यही ले जा रहे हैं." कार्ड वाईट नव्हतं. पण या आठ जीबीवर जरा थांबायला हवं, कारण रंगापेक्षा मोठा निर्णय हा आहे.

कार्डावर चिपेच्या शेजारी तिची स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. पुष्कळांना वाटतं, ती पडद्यावरचं चित्र साठवायला लागते. चित्राला फार लागत नाही. २० लाख ७३ हजार ठिपके, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे सगळं मिळून आठ एमबीच्या आसपास. जागा खातात ती टेक्स्चर, म्हणजे खेळातल्या वस्तूंची कातडी. विटांची खरखर, चामड्याच्या जाकिटाच्या सुरकुत्या, दगडावरचं शेवाळं. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं असं एक टेक्स्चर उघडं ठेवलं तर ६४ एमबी होतं, आवळून बसवलं तरी १६ एमबी. अशी पाचशे भरली की आठ जीबी संपले, आणि अजून माणसं, सावल्या, धूर यांचं सामान यायचंच आहे.

व्हीरॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा आणि कॉम्प्युटरची साधी रॅम म्हणजे माळा. ओट्यावर आहे तोवर हात पुढे केला की मिळतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० या आठ जीबीच्या कार्डाची चिप आपल्या व्हीरॅममधून सेकंदाला ४४८ जीबी उचलते. ओटा भरला की उरलेलं सामान माळ्यावर जातं, आणि तिथून आणायची शिडी म्हणजे मदरबोर्डवरची पीसीआय एक्स्प्रेसची वाट. भाच्याच्या २०२० च्या बोर्डवर ती तिसऱ्या पिढीची आहे, आणि हे कार्ड तिच्या सोळा पदरांपैकी आठच वापरतं. त्या शिडीवरून सेकंदाला येतात जेमतेम ८ जीबी. साडेचारशे कुठे आणि आठ कुठे! तेल तापलंय, फोडणी करायची आहे आणि मोहरीचा डबा माळ्यावर, असं होतं. खेळ सरासरी ७० चित्रं दाखवत असतो आणि कोपऱ्यावर वळताना एकदम अर्धा सेकंद गोठतो. कधी गोठत नाही, पण समोरची भिंत आधी चिखलाच्या गोळ्यासारखी दिसते आणि मग हळूच तिच्या विटा उमटतात.

हे अलीकडेच का जाणवायला लागलं, त्यालाही कारण आहे. मोठे खेळ आधी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी बेतले जातात. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत १६ जीबी सामाईक मेमरी आहे. जुन्या यंत्रांची पत्रास ठेवणं खेळ बनवणाऱ्यांनी थांबवलं, तशी २०२३ पासून आठ जीबीची कार्डं धापा टाकू लागली.

आणि इथे दोन्ही रंगांनी एकच खोडी केली आहे. २०२५ मध्ये आलेलं हिरव्याचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि लाल्याचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं आठ आणि सोळा जीबी अशा दोन रूपांत मिळतात, आणि नाव मात्र तेच. बाजारात आणताना दोघांनीही दोन रूपांमधलं अंतर ५० डॉलर ठेवलं होतं: हिरव्याचं ३७९ आणि ४२९, लाल्याचं २९९ आणि ३४९. ऑनलाइन बघताना नाव वाचून स्वस्तातलं उचललं, की घरी आठ जीबीचं खोकं येतं. खोक्याच्या कोपऱ्यातला तो आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आज नवं कार्ड घेऊन चार-पाच वर्षं नवे मोठे खेळ खेळायचे असतील तर माझं मत सरळ आहे: आठ जीबी घेऊ नये. बारा चालेल, सोळा उत्तम. फक्त व्हॅलोरंट आणि जुने खेळ खेळणाऱ्यानं हा परिच्छेद विसरला तरी चालेल.

दुसऱ्या दुकानात भाच्याला एनव्हिडियाच्या डीएलएसएस या सोयीची जाहिरात दाखवली गेली आणि तो पुन्हा हिरवा झाला. यात दोन वेगळ्या करामती आहेत आणि दुकानात त्या एकत्र कालवून सांगतात.

पहिली करामत खरी कामाची. कार्ड चित्र लहान काढतं, उदाहरणार्थ १०८०पीऐवजी ७२०पी, म्हणजे फक्त ९ लाख २२ हजार ठिपके, आणि शिकवून तयार केलेली गणितं आधीच्या चित्रांची मदत घेऊन ते मोठं करतात. मेहनत निम्म्याहून कमी, चित्र जवळपास तसंच. एनव्हिडियानं हे २०१८ च्या आरटीएक्स मालिकेपासून सुरू केलं. पहिली आवृत्ती धूसर होती, २०२० ची दुसरी चांगली झाली, आणि २०२५ च्या चौथीत सुधारलेलं चित्र त्या सात वर्षं जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं. जुन्या गिऱ्हाइकाची अशी आठवण ठेवणं मला आवडलं. एएमडीच्या करामतीचं नाव एफएसआर. तिच्या आधीच्या आवृत्त्या कुठल्याही रंगाच्या कार्डावर चालत, पण पाण्याचे तुषार, केस, जाळीचं कुंपण असं काही आलं की चित्र लुकलुकायचं. एफएसआर ४ पासून ती पुष्कळच वर आली, मात्र २०२५ मध्ये आणताना एएमडीनं ती अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेलाच दिली, जुन्यांना नाही. खेळांची यादी अजूनही हिरव्याची लांब आहे. इंटेलची एक्सईएसएस या दोघींच्या मागोमाग चालते.

दुसरी करामत म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनवलेलं चित्र घुसवणं, फ्रेम जनरेशन. आरटीएक्स ५० मालिका २०२५ मध्ये आली तेव्हा तिच्यात एका खऱ्यामागे तीनपर्यंत बनावट चित्रं घुसवता येत होती, म्हणून जाहिरातीतले आकडे डोळे दिपवतात. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी घालतो, तसं हे. पातेलं भरतं, डाळ तेवढीच राहते. मधलं चित्र बनवायला पुढचं खरं चित्र हातात असावं लागतं, म्हणून कार्ड ते क्षणभर रोखून धरतं. तुम्ही माऊस हलवता त्याला उत्तर मात्र खऱ्या चित्रातूनच मिळतं. मुळात सेकंदाला ६०-७० खरी चित्रं असतील तर पाणी घातलेलं वरण गोड लागतं. मुळात २५ असतील तर पडद्यावरच्या चित्रं मोजणाऱ्या आकड्यात १०० दिसतं आणि हाताला चिखलात चालल्यासारखं वाटतं. दुकानातला आकडा ऐकला की एवढंच विचारा: यात पाणी किती? शिवाय भाच्याच्या ७५ च्या मॉनिटरला तीन-तीन बनावट चित्रांचा काही उपयोगच नव्हता.

रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाचा किरण खराखुरा धावतो तसं त्याचं गणित करणं, यात हिरवा अजून पुढे आहे. आरएक्स ९००० मालिकेत लाल्यानं अंतर बरंच कमी केलं. सायबरपंकमध्ये ते पूर्ण ताकदीनं लावून खेळायचंच असेल तर हिरव्याचे वरचे पैसे द्यावेत; चाळीस हजारांत ते सुख कुणाकडेच धड मिळत नाही.

ड्रायव्हरचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. 'एएमडीचे ड्रायव्हर खराब' हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखं चालतं. २०१९ च्या आरएक्स ५७०० एक्सटीच्या वेळी पडदा काळा व्हायचा, त्यात तथ्य होतं. पण २०२५ च्या सुरुवातीला नव्या आरटीएक्स ५० कार्डांवर काळ्या पडद्याच्या तक्रारी आल्या, त्या हिरव्याकडे. मी दोन्ही वापरली आहेत आणि आता या कारणावरून रंग ठरवत नाही.

ज्या कारणांवरून ठरवतो, ती खेळाच्या बाहेरची आहेत. माझी पुतणी ॲनिमेशन शिकते, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिनं विचारलं तेव्हा मी वाद न घालता हिरवं सांगितलं. एनव्हिडियानं २००७ पासून क्युडा नावाची व्यवस्था लोकांच्या हाती दिली आहे. तिच्यामुळे ग्राफिक्स कार्डाकडून खेळाखेरीज दुसरी गणितंही करून घेता येतात, आणि रेंडरिंग, व्हिडिओ, एआय यांचं बहुतेक सॉफ्टवेअर आधी तिथे नीट चालतं. उलट ऑफिसातला माझा एक सहकारी घरी विंडोजऐवजी लिनक्स वापरतो, त्याला लालच. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच उघडा असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. व्हॅलोरंट मात्र लिनक्सवर चालत नाही, हे भाच्यानं मला सांगितलं, मी त्याला नाही.

निळ्याचाही विचार केला. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी आणि २४९ डॉलर. ओटा मोठा, भाव कमी. पण या कार्डाला रिसायझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू असावी लागते, आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला बराच राबवतो. नव्या प्रोसेसरसोबत ते छान पळतं. आय५ १०४०० सारख्या जुन्या सहा कोअरवाल्यासोबत त्याची बरीच ताकद वाया जाते. स्वस्त कार्ड बहुतेकदा जुन्या डब्यासाठीच घेतलं जातं, आणि हे नेमकं तिथेच अडतं. नवा पूर्ण पीसी बांधणाऱ्यानं मात्र त्याला यादीत ठेवावं.

विजेच्या बिलाची काळजी ताईला होती. तिच्यासाठी वहीत हिशोब मांडला: एक कार्ड दुसऱ्यापेक्षा २० वॉट जास्त खातं, रोज तीन तास, महिन्याला पावणेदोन युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी पंधरा रुपयांचाही फरक नाही. खरी काळजी पॉवर सप्लायची. भाच्याच्या डब्यात होता तो डब्यासोबत फुकट आलेला, वर ४५० वॉट लिहिलेलं आणि हातात घेतला तर पावाच्या लादीइतका हलका. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा जीबीला १६० वॉट लागतात, आरटीएक्स ५०६० टीआयला १८०, आणि क्षणभरासाठी दोन्ही त्याच्या वर उडी मारतात. फुकटातला सप्लाय जाताना एकटा जाईलच असं नाही. म्हणून चाळीसमधले साडेचार हजार आधी चांगल्या सप्लायला बाजूला काढले.

त्यामुळे ५०६० टीआयचं सोळा जीबीवालं रूप आवाक्याबाहेर गेलं. त्याला आठ जीबीचं हिरवं परवडत होतं आणि सोळा जीबीचं लालही, थोडी घासाघीस करून. भाचा पाच मिनिटं दोन्ही खोकी हातात धरून उभा होता. दुकानदार म्हणाला, "भिया, दाम हफ्ते में बदल जाएगा." ते खोटं नव्हतं. मेमरी चिपांचे भाव तेव्हा चढायला लागलेच होते.

लाल घेतलं. आणखी एक गोष्ट: ९०६० एक्सटी पीसीआय एक्स्प्रेसचे सोळाही पदर वापरतं, त्यामुळे त्याच्या जुन्या बोर्डवर कधी माळ्यावर जायची वेळ आलीच तर शिडी दुप्पट रुंद.

घरी येऊन डबा उघडला. आत पाच वर्षांची धूळ, पंख्याच्या पात्यांवर गोधडीसारखी बसलेली. ती रंगाच्या ब्रशनं गच्चीवर जाऊन झाडली. मग लक्षात आलं की खोक्यावर कार्डाची लांबी लिहिली आहे, ३० सेंटीमीटर, आणि डब्याची आतली लांबी आम्ही मोजलीच नव्हती. आईच्या शिवणयंत्राच्या खणातून टेप आणली. स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंत २९ भरली. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी पुढच्या पंख्याचे चार स्क्रू काढले, तो जाळीच्या आतून काढून बाहेरच्या बाजूला बसवला, आणि अडीच सेंटीमीटर जागा निघाली.